न उमटलेली रेघ

पूर्वी म्हणे हे काम मुंग्याच करायच्या.
माडाच्या बुंध्याशी कुणी उभा राहून गेला
की मागाहून त्यांची रांग लागायची,
आणि घरातलं जाणतं माणूस हळूच म्हणायचं,
ह्याका गोड झाला.

आता मी आहे.
परुळ्याच्या केंद्रात, खिडकीजवळच्या टेबलाशी,
सकाळी नऊ ते एक,
वीज असली तर पुढेही.

ह्या महिन्यात ओरोसहून पट्ट्यांचा खोका आला.
साखरेच्या नव्हेत, तंबाखूच्या.
मधुमेहाचे जेवढे पेशंट तेवढ्यांची लघवी तपासा,
तोंडी उत्तरावर विसंबू नका, असं पत्रात.
सोबत फॉर्म. धूम्रपान : होय, नाही.
दोन चौकोन, टिकलीएवढे.

पट्टीची रीत उलटी.
दोन रेघा आल्या तर माणूस सुटला.
एकच आली तर अंगात आहे.
जे आहे तेच उमटत नाही,
हे अंगवळणी पडायला मला दोन दिवस लागले.

निवतीहून उमाकांत गिरप आले, बायकोसह.
साखर दोघांनाही.
इंद्रावतीबाईंच्या तळव्याला कालवाच्या शिंपेची धार लागलेली,
गणपतीच्या आधी.
शिमगा आला तरी ओलीच.
डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कोणी ओढतं?
तिने नवऱ्याकडे बघितलं.
नुसतं बघितलं.

"मी सोडलंय," आल्या आल्या ते म्हणाले.
मी काही विचारलं नव्हतं.
"ह्या शिमग्याक दोन वर्सां होतली."
खिशात आगपेटी होती.
माझी नजर तिथे गेलेली त्यांनी पाहिली
आणि खिशावर हात ठेवला,
जसा एखादा छातीवर ठेवतो.

दोघांना बाटल्या दिल्या.
त्यांची पट्टी : दोन रेघा.
दुसरी तंगुसासारखी, उजेडाला धरली तर दिसेल अशी,
पण होती.
तिची : एक.

बाटल्या बदलल्या असतील.
नावं पाहिली. अक्षर माझंच.
नवी पट्टी फोडली, पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसले.
एक.

तिला एकटीला आत बोलावलं.
"जल्मात बिडयेक तोंड लावूक नाय," ती म्हणाली,
आणि ते खरं होतं.
"मग हे कसं?"
मी तोंडात बोट घातलं.
तिने आपलं लपवलं.

उजव्या हाताची तर्जनी, पेरापर्यंत काळी.
हे बोट मी ओळखते.
चुलीवरचा तवा, करपवलेली तंबाखू,
उंबऱ्यात बसून डोळे अर्धे मिटलेली आई,
ह्या वेळेला तिच्याशी बोलायचं नसतं.
आईच्या हातच्या भाकरीला तो वास असायचा.
कितीतरी वर्षं मला वाटे, भाकरीला असतोच.

"मशेरी म्हणजे काय बिडी?"
नाही, बाई. पण पायाला ते कळत नाही.
दिवसातून किती वेळा?
तिने चार बोटं दाखवली, मग अंगठाही.
मग माझा हात धरला.
"त्यांका सांगू नको गो.
तीस वर्सां मी त्यांच्या बिडयेवरना भांडलंय."

फॉर्म समोर.
होय म्हटलं तर तिच्यावर अन्याय.
नाही म्हटलं तर त्या तळव्यावर.
समासात पेनाने लिहिलं, मशेरी,
भोवती चौकोन काढला.
वाकडा आला. खूण केली.
ओरोसला कोणी वाचेल का, माहीत नाही.
डॉक्टरांना मात्र आजच सांगणार, हे तिला सांगितलं.
ती मान हलवून गप्प.

बाहेर बाकावर ते ताटकळलेले.
"माझा काय इला?"
साफ आहे, म्हटलं.
उठले, शर्ट खाली ओढला,
बायकोकडे वळून म्हणाले, "बघ."
एवढंच.
आणखी कितीतरी म्हणू शकले असते.

ती एका पायात चप्पल,
दुसऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून,
टाच उचलत निघाली.
ते दहा पावलं पुढे गेले,
थांबले,
आणि आगपेटी काढून, उगाच,
कानाशी हलवून पाहिली.